संपादकाच्या टेबलावर काय ठेवाल?

1. प्रश्न असा आहे

इब्रामपूर हे पेडणे तालुक्यातले, महाराष्ट्राच्या हद्दीला लागून असलेले गाव. भोवती काजूची बने आहेत. अशा गावात कोणी काजूची फळे, म्हणजे बोंडू, पिळण्याचे नवे यंत्र बनवले, किंवा शेजारच्या डिचोली तालुक्यातल्या एखाद्या शिक्षिकेने बंद खाणीतल्या पाण्यावर दोन वर्षे नोंदी ठेवल्या, तर पुढे एक प्रश्न हमखास येतो. हे पुण्या-मुंबईच्या तंत्रज्ञान मासिकात छापून कसे आणायचे? आणि लगेच त्यामागचे खरे प्रश्न: ओळख लागते का, जाहिरात द्यावी लागते का, आपल्या गावाकडे कोण लक्ष देणार?

यंत्र विकणारा आणि लेख लिहिणारा हे दोघे वेगळ्या वाटेने येतात. एकाला गिऱ्हाईक हवे असते, दुसऱ्याला वाचक. संपादकाच्या टेबलाशी मात्र दोघांची परीक्षा एकच असते, आणि या प्रकरणाचे म्हणणे तेवढेच आहे. मासिकाला पाठवायचा प्रस्ताव म्हणजे आपल्या वस्तूचे किंवा विद्वत्तेचे वर्णन नाही. आपल्याला कधीही न भेटलेल्या वाचकाला आपण दिलेला तो शब्द असतो, आणि तो खरा आहे की नाही हे संपादकाला स्वतः तपासता आले पाहिजे. वाचकाला काय मिळेल आणि ते खरे कशावरून, या दोन प्रश्नांची उत्तरे ज्या पत्रात आहेत ते पत्र टिकते. बाकीची साभार परत येतात, किंवा तीही तसदी कोणी घेत नाही.

2. संपादक कोणाची बाजू घेतो?

आधी संपादकाचे काम समजून घेऊ. किराणा दुकानदार घाऊक व्यापाऱ्याकडून पोते घेतो, तेव्हा तो व्यापाऱ्याच्या घरची अडचण पाहत नाही. हा तांदूळ माझे नेहमीचे गिऱ्हाईक परत घ्यायला येईल का, एवढेच पाहतो. मूठभर तांदूळ तळहातावर घेतो, खडे बघतो, वास घेतो. संपादकही तसाच वाचकाच्या बाजूने बसलेला असतो. तुमच्या यंत्राबद्दल त्याला आकस नसतो, पण तुमचे यंत्र खपावे ही त्याची जबाबदारीही नसते.

मराठीत ही परंपरा जुनी आहे. सिंधुदुर्गातल्या पोंभुर्ल्याच्या बाळशास्त्री जांभेकरांनी 1840 मध्ये ‘दिग्दर्शन’ हे मराठीतले पहिले मासिक काढले, त्यात भूगोलाबरोबर रसायन आणि पदार्थविज्ञानही होते. पुण्याहून 1928 पासून ‘सृष्टिज्ञान’ निघू लागले. 1966 मध्ये स्थापन झालेल्या मराठी विज्ञान परिषदेची ‘पत्रिका’ आहे. कारखान्यात लेथ आणि मिलिंगवर काम करणाऱ्यांसाठी ‘धातुकाम’ हे मासिक 2017 मध्ये पुण्यात सुरू झाले. या प्रत्येकाचा वाचक वेगळा आहे. एकच मजकूर या सगळ्यांना पाठवणारा माणूस कोणाच्याच वाचकाचा विचार करत नसतो, आणि संपादकाला ते पहिल्या परिच्छेदात कळते. म्हणून ज्या मासिकाला लिहायचे त्याचे मागचे सहा अंक आधी वाचावेत. त्यात कोणते शब्द समजावून सांगितले आहेत आणि कोणते वाचकाला माहीत आहेत असे धरले आहे, हे पाहिले की वाचक कोण याचा अंदाज बांधता येतो.

3. विक्रेत्याचे मासिक, वाचकाचे मासिक

इथे कोणी म्हणेल, की विक्रेत्याचा स्वार्थ आणि वाचकाचे हित यांचा मेळ कसा बसणार? त्याचे उत्तर आपल्याच सीमाभागात आहे. बेळगाव जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरचे लक्ष्मणराव किर्लोस्कर लोखंडी नांगर करू लागले, तेव्हा शेतकरी तो घेईनात. लोखंडाने जमीन विषारी होईल अशी भीती होती. पुढे 1910 मध्ये किर्लोस्करवाडी उभी राहिली आणि 1920 मध्ये शं. वा. किर्लोस्करांनी ‘किर्लोस्कर खबर’ सुरू केले. ते सुरू झाले कारखान्याच्या मालाची माहिती पोचवण्यासाठी. म्हणजे ते विक्रेत्याचेच पत्र होते. पण मालाच्या स्तुतीवर ते राहिले असते तर नांगराच्या पावतीबरोबर फेकले गेले असते. ते हळूहळू शेती, उद्योग आणि समाजसुधारणा यांवर बोलू लागले, पुढे नुसते ‘किर्लोस्कर’ झाले, आणि त्याच घरातून 1930 मध्ये ‘स्त्री’ आणि 1934 मध्ये ‘मनोहर’ निघाली. मराठी मध्यमवर्गाच्या दोन-तीन पिढ्या ही मासिके वाचत वाढल्या.

मला या इतिहासात एक गोष्ट महत्त्वाची वाटते. नांगर विकत न घेणाऱ्या माणसालाही त्या मासिकातून काहीतरी मिळत होते. विक्रेत्याच्या प्रस्तावाची हीच कसोटी धरावी. तुमचे यंत्र कधीही न घेणाऱ्या वाचकालाही तुमचा लेख वाचून उपयोग होणार असेल, तर तो लेख आहे. फक्त घेणाऱ्यालाच होणार असेल, तर ती जाहिरात आहे. जाहिरातीत कमीपणा काही नाही, पण तिची जागा वेगळी असते, तिचे पैसे द्यायचे असतात आणि वर ‘जाहिरात’ असे छापलेले असायला हवे. जाहिरात आणि संपादकीय मजकूर वाचकाला वेगळे ओळखू आले पाहिजेत, असे प्रेस कौन्सिलचे आचारनियमही सांगतात. ‘आम्ही जाहिरात देऊ, तुम्ही लेख छापा’ असे पत्र चांगल्या संपादकाला गेले, की तुमचा पुढचा खरा लेखही तो संशयाने वाचतो.

4. एक उदाहरण: बोंडू पिळण्याचे यंत्र

आता हे प्रत्यक्ष करून पाहू. काजूचा हंगाम साधारण मार्च ते मे. बी वेगळी काढलेले बोंडू खडकात कोरलेल्या कोळंबीत टाकून पायाने तुडवायचे, रस आंबवायचा आणि भाटीवर चढवायचा, ही जुनी रीत. चोथ्याचा गोळा दगडाच्या भाराखाली ठेवून निथळतो तो नीरो. पहिल्या ऊर्ध्वपातनातून निघते ते उर्राक, आणि पुढे फेणी. गोव्याच्या काजूफेणीला 2009 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले आहे. समजा, इब्रामपूरच्या एका कारागिराने तुडवण्याऐवजी बोंडू पिळणारे यंत्र बनवले. त्याचे पहिले पत्र बहुधा असे असेल: ‘आमचे अत्याधुनिक, क्रांतिकारी यंत्र भरपूर रस काढते, मजबूत आहे, किंमत माफक आहे. आपल्या लोकप्रिय मासिकात प्रसिद्धी द्यावी.’

यात तपासता येईल असा एकही शब्द नाही. ‘भरपूर’ म्हणजे किती? कशाच्या तुलनेत? कोणी मोजले? तळहातावर घेऊन बघावे असे यात काही नाही, पोते शिवलेलेच आहे.

आता त्याच कारागिराने एका हंगामात वही ठेवली असे धरू. पुढचे आकडे केवळ समजावण्यापुरते घेतले आहेत. 100 किलो बोंडूंतून तुडवून 55 लिटर रस निघाला, यंत्राने 65 लिटर. तुडवायला दोन माणसांना दीड तास लागला, म्हणजे तीन माणसी तास. यंत्रावर एका माणसाला 40 मिनिटे लागली. यंत्राची किंमत 48,000 रुपये. हंगामात अशा 60 खेपा होतात. जादा रस झाला 600 लिटर. रसाला लिटरमागे 8 रुपये धरले तर 4,800 रुपये. नुसत्या रसावर यंत्राची किंमत फिटायला दहा हंगाम लागतील, आणि शहाणा बागायतदार ते घेणार नाही. पण वेळेचा हिशोब पाहा. दर खेपेला 2 तास 20 मिनिटे वाचली, 60 खेपांत 140 तास. दिवसाची मजुरी 600 रुपये, म्हणजे तासाला 75 धरली तर 10,500 रुपये. दोन्ही मिळून 15,300. किंमत तीन हंगामांत जवळजवळ फिटते.

कारागीर ज्याची जाहिरात करत होता तो रस यंत्राचा मुख्य फायदा नव्हताच. मुख्य फायदा मजुरीचा होता. हंगामात माणूस मिळत नाही ही बागायतदाराची रोजची अडचण, आणि यंत्र नेमके तिथे उपयोगी पडते. लेखाचा विषयही त्याबरोबर बदलला. ‘आमचे यंत्र’ हा विषय राहिला नाही; ‘लहान बागायतदाराला यंत्र परवडते का, हे कसे मोजायचे’ हा झाला. यंत्र न घेणाराही हा हिशोब आपल्या बागेला लावून पाहू शकतो. वही ठेवली नसती तर हे कारागिराला स्वतःलाही कळले नसते. म्हणून मी म्हणतो, की चांगला प्रस्ताव लिहिण्याचे निम्मे काम लेखणी उचलण्याआधीच झालेले असते.

त्याच पत्रात उणेही लिहावे. यंत्र बी वेगळी करत नाही, ती हातानेच काढावी लागते. जास्त दाबल्याने रसाचा तुरटपणा वाढतो का, आणि त्याचा आंबण्यावर परिणाम होतो का, हे अजून तपासायचे आहे. पुष्कळ विक्रेत्यांना वाटते, की दोष लिहिला की प्रस्ताव पडतो. प्रत्यक्षात दोष लिहिणाऱ्याच्या बाकीच्या आकड्यांवर विश्वास बसतो, कारण या माणसाने दोन्ही बाजूंनी पाहिले आहे हे दिसते.

5. खरे कशावरून?

1877 च्या डिसेंबरात थॉमस एडिसन न्यूयॉर्कमध्ये ‘सायंटिफिक अमेरिकन’ या तेव्हाच्या साप्ताहिकाच्या कचेरीत गेला. त्याने एक छोटे यंत्र टेबलावर ठेवले, दांडा फिरवला, आणि यंत्राने मंडळींना तब्येत कशी आहे असे विचारले. फोनोग्राफची ही बातमी त्याच महिन्यातल्या एका अंकात छापली गेली. विशेषण एकही लागले नाही. यंत्र बोलते हा दावा होता आणि ते समोर बोलले.

पण प्रत्येक गोष्ट टेबलावर मावत नाही. राइट बंधूंचे विमान मावणारे नव्हते. 1905 मध्ये ओहायोतल्या डेटनजवळच्या कुरणावर त्यांनी 39 मिनिटांचे उड्डाण केले, तरी 1906 च्या जानेवारीत याच ‘सायंटिफिक अमेरिकन’ने त्यावर उघड शंका घेतली. मग साप्ताहिकाने उड्डाण पाहिलेल्या सतरा जणांना प्रश्नावली पाठवली. अकरा जणांची उत्तरे आली, आणि एप्रिलमध्ये त्याच साप्ताहिकाने उड्डाणे झाल्याचे मान्य केले. संपादकाची शंका हा अपमान नाही. शंका फिटण्याची वाट आपण दाखवली पाहिजे. बोंडूच्या यंत्राबाबत ती वाट सोपी आहे: यंत्र वापरलेल्या दोन-तीन बागायतदारांची संमती घेऊन त्यांची नावे संपादकाला कळवावीत, वहीच्या पानांची छायाचित्रे जोडावीत, आणि कृषी विभागाच्या किंवा महाविद्यालयाच्या कोणी जाणकाराने मोजणी पाहिली असेल तर तसे लिहावे.

याला उलटे उदाहरणही आहे आणि ते टाळून चालणार नाही. 1975 च्या जानेवारीत ‘पॉप्युलर इलेक्ट्रॉनिक्स’च्या मुखपृष्ठावर ‘अल्टेअर 8800’ हा घरी जोडायचा संगणक झळकला. त्या अंकाने घरगुती संगणकाचे युग सुरू झाले असे मानतात. मुखपृष्ठावरचा तो खोका मात्र आतून रिकामा होता. खरे यंत्र संपादकाकडे पाठवताना वाटेत हरवले होते. मग तपासणीला अर्थ काय उरला? उरतो, कारण अल्टेअर बनवणाऱ्या एमआयटीएस कंपनीचेच गणकयंत्र 1971 मध्ये याच मासिकात आले होते आणि ते चालले होते. रिकाम्या खोक्यावर संपादकाने भरवसा ठेवला तो आधीच्या खऱ्या वस्तूच्या जोरावर. अशी पत आयुष्यात फार थोड्या वेळा वापरता येते. पहिल्यांदा पाठवणाऱ्याकडे ती नसते, त्याने भरलेला खोकाच पाठवावा.

6. लेखकाचे काम: विषय आणि प्रश्न

लेखकाचे गणित थोडे वेगळे. त्याच्याकडे वस्तू नसते, म्हणून तो बहुधा विषय पाठवतो. ‘मला डिचोलीच्या खाणींवर लेख लिहायचा आहे’ हा विषय झाला. त्यावर ग्रंथ होईल आणि एका ओळीतही आटपेल, त्यामुळे संपादकाला काहीच ठरवता येत नाही. विषयाला प्रश्नाचे टोक काढावे लागते. गोव्यात 2012 मध्ये खाणी थांबल्या; थांबलेल्या खाणीच्या खड्ड्यात पावसाचे पाणी साठते. ते पाणी उन्हाळ्यात किती उरते, त्यात लोहाचे प्रमाण किती, ते शेताला किंवा पिण्याला वापरायचे तर कोणती प्रक्रिया लागेल? हा प्रश्न झाला. तो किती शब्दांत सुटेल, कोणाशी बोलावे लागेल, कोणती आकृती लागेल, हे सारे त्यातून दिसते.

किंवा खाजन जमिनीतली, म्हणजे बांध घालून खाऱ्या पाण्यापासून राखलेल्या शेतांतली, मानस ही पाण्याची झडप घ्या. ‘गोव्याचे पारंपरिक तंत्रज्ञान’ हे नाव दिले तर डोळा पुढे सरकतो. पण मानशीचे लाकडी दार भरतीच्या पाण्याच्या दाबाने आपोआप मिटते आणि ओहोटीला आतल्या पाण्याने आपोआप उघडते. वीज नाही, राखणदार सतत उभा नाही, तरी खारे पाणी शेतात शिरत नाही. मग हे दार कोणत्या बाजूला उघडावे, बिजागरी कुठे असावी, आणि ते कुजले किंवा फटीत लाकूड अडकले तर एका रात्रीत शेताचे काय होते? एवढे लिहिले की अभियंताही थांबून वाचेल आणि शेतकरीही. प्रस्तावातच असे एक जवळून पाहिलेले चित्र द्यावे. लेखक खरोखर तिथे जाऊन उभा राहिला आहे, याचा तो पुरावा असतो.

लांबीचे म्हणाल, तर प्रस्ताव एका पानाचा असावा. पहिल्या दोन-तीन वाक्यांत प्रश्न आणि त्याचे उत्तर कोणाच्या उपयोगाचे आहे. मग तुमच्याकडे कोणती माहिती आहे आणि कोणती मिळवायची आहे. आपला संबंध उघड सांगावा: यंत्र करणारा भाऊ असेल, कंपनीने प्रवासखर्च दिला असेल, तर ते पहिल्याच पत्रात लिहावे. नंतर बाहेरून कळले, तर मजकूर खरा असूनही लेखकाचे नाव जाते. शेवटी शब्दसंख्या आणि तारीख. एकाच वेळी चार मासिकांना तोच लेख पाठवू नये. एकाचे उत्तर आले नाही तर ठरावीक मुदतीनंतर तसे कळवून दुसरीकडे पाठवावा.

7. तीन शंका

ओळखीशिवाय छापतात का? ओळखीचा उपयोग होतो हे नाकारण्यात अर्थ नाही. ओळखीच्या माणसाचे पत्र आधी उघडले जाते. पण उघडलेले पत्र टिकते मजकुरावर. 1974 मध्ये मराठी विज्ञान परिषदेच्या विज्ञानकथा स्पर्धेला ‘नारायण विनायक जगताप’ या नावाने ‘कृष्णविवर’ ही कथा आली आणि तिला पहिले बक्षीस मिळाले. लेखक होते खगोलशास्त्रज्ञ जयंत विष्णु नारळीकर. आपल्या आद्याक्षरांचा क्रम उलटवून त्यांनी ते नाव घेतले होते, आणि अक्षर ओळखू येऊ नये म्हणून कथा त्यांच्या पत्नी मंगला नारळीकरांनी लिहून काढली होती. ज्यांच्या नावावर कोणतेही पान छापले गेले असते, त्यांनी नाव बाजूला ठेवून मजकूर तोलायला दिला. नाव नसलेल्याने यातून धीर घ्यावा. प्रस्ताव पाठवण्यापूर्वी स्वतःचे नाव, पदव्या आणि कंपनीचे बोधचिन्ह झाकून तो वाचून पाहावा, आणि काय उरते ते बघावे.

आपली कल्पना कोणी चोरली तर? ही भीती रास्त आहे, आणि तिच्यावर उपाय क्रम नीट लावण्यात आहे. 1970 च्या पेटंट कायद्याप्रमाणे संशोधन नवे असावे लागते, आणि मासिकात छापून आलेली गोष्ट सहसा नवी राहत नाही. स्वतःच आधी लेख छापून नंतर पेटंट मागणारे स्वतःची वाट बंद करतात. म्हणून पेटंट घ्यायचे असेल तर आधी तात्पुरता अर्ज दाखल करावा, त्यानंतर पूर्ण अर्जाला 12 महिने मिळतात, आणि मग मासिकाला लिहावे. हे सांभाळले तर छापून येणे हे उलट तारखेसकट साक्ष ठरते.

गावातल्या लहान गोष्टीत मोठ्या मासिकाला रस असेल का? पेडणे तालुक्यातच तुये येथे इलेक्ट्रॉनिक्स उद्योगासाठी वसाहत आखली गेली आहे, मोपाच्या विमानतळावरून 2023 च्या जानेवारीपासून विमाने उडू लागली. तालुक्यात मोठे तंत्रज्ञान आले आहे. त्या प्रकल्पांची माहिती कोणालाही शहरात बसून मिळेल. कोळंबीतला रस, मानशीचे दार, खाणीच्या खड्ड्यातले पाणी मात्र इथे राहणाऱ्यालाच मोजता येते. संपादकाला दुसरीकडून मिळत नाही अशी वस्तू गावाकडेच आहे. ती मोजून, लिहून पाठवणारे कमी आहेत.

8. वेळ

मासिकाचे पान छपाईच्या कितीतरी आठवडे आधी ठरते आणि दिवाळी अंकाची आखणी पावसाळ्यातच सुरू होते. मार्चच्या अंकात काजूवर लेख यायचा तर प्रस्ताव डिसेंबरात पोचायला हवा, आणि त्यातले आकडे आदल्या उन्हाळ्यातले असायला हवेत. हंगाम सुरू झाल्यावर लिहायला बसलेल्याचा लेख त्या वर्षी येत नाही. तेव्हा ज्यांना पुढच्या वर्षी छापून यायचे आहे त्यांनी या मार्चमध्ये पहिला बोंडू पडण्याआधी वही आणि वजनकाटा कोळंबीशेजारी आणून ठेवावा.